काटा कधी चढतो, ते आधी लिहून ठेवा

पोर्शची ९८६ बॉक्स्टर तापते म्हणून गॅरेजला न्यायची असेल, तर आधी चार दिवस डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा आणि तो कधी चढतो ते वहीत टिपा. सिग्नलला उभं असताना चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो? मग आधी पंखे तपासा. ऑटोबानवर (जर्मनीतल्या महामार्गावर) किंवा श्वार्त्सवाल्डच्या डोंगरातल्या चढणीवर चढतो? मग रेडिएटरमधून वारा तरी पुरेसा जात नाही, नाहीतर पाणी तरी. ही नोंद हातात असली की नको ते पार्ट बदलले जात नाहीत.

या गाडीचं इंजिन सीटमागे आणि रेडिएटर नाकाशी, पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढे. 'एस' मॉडेलला मधला तिसराही असतो. पुढच्या जाळीतून आत गेलेला पाला एसीच्या कंडेन्सरवर आणि त्यामागच्या फटीत साठतो, बाहेरून नीट दिसतही नाही. माझी गाडी श्टुटगार्टमध्ये लिंडनच्या झाडाखाली उभी असते. बंपर उतरवला तेव्हा कोपऱ्यात गोवरीसारखा थापून बसलेला काळा लगदा निघाला, बोटाने उकलला तर आत पानांच्या शिरा अजून शाबूत. तेव्हापासून दर पानगळीनंतर बंपर काढतोच. कंडेन्सरचे स्क्रू सोडा, गॅसचे पाइप न उघडता तो अलगद पुढे घ्या आणि मऊ ब्रश व व्हॅक्यूमने साफ करा. प्रेशर वॉशर मात्र लावू नका. बारीक पात्या आडव्या होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बुजते.

पंख्यांसाठी इंजिन चालू करून एसी लावा. दोन्ही बाजूंचे पंखे हळू वेगात फिरायला हवेत. एक गप्प असेल तर त्याचा हळू वेगासाठीचा रेझिस्टर जळलेला असू शकतो. अशा वेळी जास्त वेग चालू राहतो, म्हणून दोष महिनोन्महिने लपतो.

कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी मागच्या डिकीत आहे. पातळी इंजिन पूर्ण गार असतानाच पाहा, गरम झाकणाला हात लावूच नका. डिकीतलं कार्पेट उचलून तळवा टेकवा. ओल किंवा गोडसर वास आला तर जुनी टाकी तडकली असण्याची शक्यता मोठी. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. ते स्वस्त आहे, शंका आली की बदला. नवं कूलंट भरल्यावर हवा काढायचा व्हॉल्व्ह उघडून गाडी थोडी फिरवून आणा आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. सर्व्हिसनंतर लगेच तापू लागलेल्या गाडीत बऱ्याचदा हवाच अडकलेली असते.

वॉटर पंप शेवटी, पण विसरू नका. सीटमागचं पॅनल काढून टॉर्च मारा: पंपाखाली सुकलेल्या कूलंटचे ओघळ, पुलीला खेळ, घरघर. मूळ पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, प्लास्टिकचा. त्याची पाती तुटली तर तुकडे पाण्याच्या वाटांत जाऊन अडकतात, म्हणून पंप शेवटचा कधी बदलला ते सर्व्हिस बुकात शोधा.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर घाबरू नका, थंडीत जवळजवळच्या फेऱ्यांनी तेवढी जमते. पण कूलंटच्या टाकीत तपकिरी तेलकट थर दिसला, तर किल्ली फिरवू नका. टोइंगवाल्याला बोलवा.