पुरवणी नियमपुस्तक घेण्याआधी

टेबलाभोवती फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर चालवतो आणि गेम मास्टर बाकीचं जग. या खेळांच्या मूळ नियमांत भर घालणारी पुरवणी पुस्तकंही निघतात. असं नवं पुस्तक डोळ्यांत भरलं की आधी एक कोरा कागद घ्या आणि मागच्या पाच-सहा सेशनमध्ये, म्हणजे बैठकांमध्ये, खेळ नेमका कुठे अडला ते लिहून काढा. 'पाठलाग सुरू झाला की काय रोल करायचं तेच ठरत नाही', 'दोन मोहिमांमधल्या महिन्याभरात कॅरेक्टरना करायला काही नसतं', 'फायटर म्हणजे लढवय्या घेतलेल्याला आठव्या लेव्हलनंतर मारत सुटण्यापलीकडे काम उरत नाही' अशी ठोस वाक्यं हवीत. 'जरा व्हरायटी हवी' हे वाक्य धरू नका, कारण ती कुठल्याही पुस्तकात मिळते आणि चार सेशनमध्ये जुनी होते. कागद कोराच राहिला तर पुढची यादी वाचायचीही गरज नाही.

तक्रारी लिहून झाल्या की अनुक्रमणिका मिळवा. प्रकाशकाच्या नमुना पानांत ती बहुधा असते. प्रत्येक प्रकरणापुढे तुमच्या कागदावरची कुठली तक्रार सुटते ते लिहा आणि तेवढीच पानं मोजा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी २०१७ साली आलेलं 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' १९२ पानांचं आहे. त्यात खेळाडूंसाठी सबक्लास (फायटर, विझर्ड अशा क्लासचे पोटप्रकार) आणि स्पेल (जादूचे मंत्र) आहेत, गेम मास्टरसाठी सापळे, अवजारांचे उपयोग, मोकळ्या वेळातले उद्योग आहेत, आणि शेवटी पानंच्या पानं नुसते नावांचे तक्ते. मोकळ्या वेळाची अडचण असेल तर ते कामाचं. फक्त एका खेळाडूला एक सबक्लास हवा असेल तर कामाची पानं जेमतेम दोन, आणि ती कुणाकडून तरी वाचायला मागता येतात.

तीच पानं आपल्याकडे आधीच आहेत का, हे तपासायला लोक हमखास विसरतात. २०२२ सालचं 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स' बव्हंशी २०१६ आणि २०१८ सालच्या दोन पुस्तकांतले राक्षस आणि वंश सुधारून एकत्र बांधलेलं आहे. ती दोन्ही शेल्फवर असतील तर पैसे दुरुस्त्यांचे जातात, नव्या मजकुराचे नाही. फुकट काय आहे तेही बघा. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाचे नियम, पुरवणी पुस्तकांतलेसुद्धा, 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या साइटवर प्रकाशकाच्या परवानगीनेच मोफत वाचता येतात. तिथे पुस्तक घ्यायचं ते चित्रांसाठी, मांडणीसाठी किंवा हातात धरून वाचायच्या सुखासाठी. कारण चांगलंच आहे, फक्त स्वतःशी कबूल करून घ्या.

आवृत्ती जुळते का, याची खातरजमा कव्हरवरून होत नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत क्लेरिकला (पुजाऱ्याला) सबक्लास पहिल्या लेव्हलला मिळायचा, विझर्डला (जादूगाराला) दुसऱ्या, फायटरला तिसऱ्या. २०२४ च्या नियमांत सगळ्यांना तो तिसऱ्याच लेव्हलला मिळतो. म्हणजे जुन्या पुस्तकातला क्लेरिकचा सबक्लास नव्या खेळात आणला तर पहिल्या लेव्हलच्या क्षमता तिसरीपर्यंत थांबवाव्या लागतात. जमतं, पण ते काम गेम मास्टरच्या अंगावर पडतं. पुस्तकाचा एरॅटा, म्हणजे प्रकाशकाने काढलेली दुरुस्त्यांची यादी, तीही काढून वाचा. छापील प्रत जुन्या छपाईची असेल तर त्या दुरुस्त्या पेन्सिलने तुम्हालाच कराव्या लागतील.

आता ताकदीचा हिशेब, आणि इथे घाई नको. नवा स्पेल जास्त भारी आहे का हे बघताना बहुतेक जण फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा स्पेल समोर ठेवतात: नुकसान ८डी६, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज, सरासरी २८. तिथेच गफलत होते. २०१४ च्या गेम मास्टरच्या पुस्तकात नवे स्पेल बनवण्यासाठी तक्ता आहे. त्यात तिसऱ्या लेव्हलच्या, एकदम अनेकांवर घाव घालणाऱ्या स्पेलसाठी ६डी६ दिलेत, म्हणजे सरासरी २१. फायरबॉल स्वतःच मापाबाहेरचा आहे, त्यामुळे त्याच्या बरोबरीचा नवा स्पेल 'बॅलन्स्ड' म्हणून टेबलावर येतो आणि बाकीचे स्पेल कुणी उचलेनासं होतं. नुकसानीइतकीच खर्चाची बाजू बघा. जी क्षमता ॲक्शन, बोनस ॲक्शन, रिॲक्शन (लढाईच्या प्रत्येक फेरीत मिळणाऱ्या कृतीच्या संधी) यातलं काहीच मागत नाही आणि दिवसातून कितीदा वापरायची यालाही बंधन नाही, तिच्यापुढे लाल फुली मारा. दोन वेगळ्या पुरवण्यांमधल्या क्षमता एका कॅरेक्टरवर येत असतील तर त्यांची जोडी कुणी तपासलेली असेलच असं धरून चालू नका.

पुस्तकात नवी यंत्रणाच असेल, समजा घाव कुठे बसला ते ठरवणारा तक्ता, तर वेळ मोजा. पाच खेळाडू, लढाईच्या चार फेऱ्या म्हणजे राउंड, दर राउंडला प्रत्येकाचा एक जादा रोल, म्हणजे वीस रोल. तक्ता शोधून वाचायला अर्धा मिनिट धरलं तर एका लढाईत दहा मिनिटं गेली, राक्षसांचे रोल वेगळेच. नमुना पानांत तो नियम असेल तर जुनी कॅरेक्टर शीट घेऊन एकट्यानेच तीन राउंड खेळून बघा. दुसऱ्या राउंडलाही तक्ता उघडावा लागला तर तो टेबलावर टिकणार नाही.

छापील की पीडीएफ हे वापरावरून ठरवा. सेशन चालू असताना नियम शोधायचे असतील तर पीडीएफ, पण बुकमार्क आहेत का आणि शब्द शोधला की सापडतो का ते नमुन्यावर बघून घ्या. ऑनलाइन खेळत असाल तर छापील पुस्तक घेतलं म्हणून तुमच्या व्हर्च्युअल टेबलवर, म्हणजे ऑनलाइन खेळायच्या सॉफ्टवेअरवर, ते बहुधा उघडत नाही. तिथली खरेदी वेगळी असते आणि त्याच प्लॅटफॉर्मवर अडकून राहते.

घ्यायचं ठरलं तर ग्रुपला आधीच सांगा की पुस्तक आलं म्हणजे त्यातलं सगळं चालू झालं असं नाही. चालणारे नियम एका पानावर लिहा, प्रत्येकापुढे कुठल्या सेशनपासून सुरू ते घाला, आणि तीन सेशन झाली की कुठला ठेवायचा, कुठला काढायचा ते सगळ्यांना विचारा. काढलेल्या नियमावर कुणी कॅरेक्टर उभं केलं असेल तर त्याला ते बदलायची एकदा मुभा द्या. हेही त्याच पानावर, पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.