ड्रॅग कारचा व्हीलबेस ठरवताना या चुका टाळा

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्ट्यावरची छोटी शर्यत. तिच्यात लॉन्चला (उभी गाडी जोरात सुटताना) पुढची चाकं उचलली, टायर जागीच फिरत राहिले किंवा गाडी एका बाजूला खेचू लागली, की लगेच व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतरावर, खापर फुटतं. मग कुठल्या तरी वेगवान गाडीचं माप घेऊन चॅसिस कापली जाते. कटर हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या.

दुसऱ्याच्या गाडीचं माप उचलणं

लॉन्चला किती वजन मागे जातं, हे साध्या हिशेबाने कळतं: गाडीचं वजन गुणिले वेगवाढ (जी मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. ड्रायव्हरसकट 1200 किलोची गाडी, वेगवाढ 1.5 जी, उंची 50 सेंमी आणि व्हीलबेस 100 इंच (254 सेंमी) धरा. मागे जातं साधारण 354 किलो. व्हीलबेस 110 इंच केला तर 322 किलो. आता व्हीलबेस 100 इंचच ठेवून गुरुत्वमध्य फक्त 5 सेंमी खाली आणा: 319 किलो!

म्हणजे चॅसिस कापून 10 इंच वाढवल्यावर जे मिळतं, तेवढंच इंजिन, बॅटरी आणि सीट खाली बसवून मिळू शकतं. चाकं उचलत असतील तर आधी उंची तपासा. उलट टायर फिरत असतील आणि पुढची चाकं जमिनीला चिकटूनच असतील, तर व्हीलबेस वाढवल्याने दुखणं बळावेल, कारण मागे येणारं वजन आणखी घटेल.

लांबी पाहणं, पण वजनाची जागा न पाहणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 1965 मध्ये क्रायस्लरने काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांचा मागचा ॲक्सल 15 इंच आणि पुढचा 10 इंच पुढे सरकवला. व्हीलबेस 115 वरून 110 इंच, म्हणजे जेमतेम 5 इंचांनी घटला. पण मागच्या चाकांवर काय झालं पाहा. मूळ गाडीत 45 टक्के वजन मागे होतं असं समजा आणि गुरुत्वमध्य होता तिथेच धरा, तर नवा वाटा 56 टक्क्यांवर जातो. खरी ताकद या वाट्यात होती. या विचित्र दिसणाऱ्या गाड्यांवरूनच पुढे ‘फनी कार’ हे नाव रूढ झालं.

म्हणून चारही चाकांखाली वजनकाटे ठेवा, ड्रायव्हरला बसवा, टाकीत शर्यतीएवढंच इंधन भरा आणि मगच आकडे लिहा.

डाव्या-उजव्या बाजूचा फरक सोडून देणं

एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या सर्वसाधारण नियमांत दोन बाजूंच्या व्हीलबेसमध्ये 1 इंचापर्यंत फरक चालतो. पण ती तपासणीतून पास होण्याची मर्यादा आहे, तुम्ही तिच्या जवळपासही राहू नका. चाकांमधलं आडवं अंतर 1500 मिमी असताना मागचा ॲक्सल एका बाजूला 6 मिमी पुढे असेल, तर तो सुमारे 0.23 अंश तिरका बसतो. पुढची चाकं जमिनीवर असेपर्यंत ड्रायव्हर स्टिअरिंगने हे सांभाळून घेतो. ती हवेत गेली की स्टिअरिंगचा उपयोग नाही, गाडी मागचा ॲक्सल ढकलेल तिकडे जाते.

माप घेण्यासाठी जमीन सपाट हवी. दोन्ही बाजूंच्या टायरमध्ये हवा सारखी भरा, मागच्या दोन्ही टायरचा घेर मोजा, गाडी थोडी पुढे ढकलून सस्पेन्शन बसू द्या, स्टिअरिंग सरळ ठेवा. प्रत्येक हबच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा. आधी चॅसिसच्या मध्यरेषेशी मागचा ॲक्सल काटकोनात आहे का ते पाहा. तो बरोबर असूनही फरक आला, तर दोन्ही बाजूंचा कॅस्टर (पुढची चाकं वळतात त्या अक्षाचा पुढे-मागे कल) असमान असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मागचा ॲक्सल धरून ठेवणारे रॉड फिरवलेत तर दोष लपेल आणि गाडी तिरकीच धावेल. फोर-लिंकमध्ये (ॲक्सल चार रॉडनी धरलेला असतो ती रचना) ॲक्सल सरळ करायचा असेल, तर त्या बाजूचे वरचा आणि खालचा दोन्ही रॉड सारखेच फिरवा, नाहीतर पिनियनचा (ॲक्सलमध्ये ताकद आणणाऱ्या गिअरचा) कोन बदलतो.

नियमपुस्तक शेवटी उघडणं

एनएचआरएच्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टर या वर्गाला 180 ते 300 इंच आणि फनी कार या वर्गाला 100 ते 125 इंच अशी व्हीलबेसची चौकट आहे. तुमच्या वर्गाची चौकट पाइप कापण्याआधी वाचा.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तोच नियम लावणं

आतापर्यंतचा हिशेब मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा होता. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या व्हॅली रनसारख्या स्पर्धांत आपल्याकडच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्या धावतात. यांत मागे सरकणारा प्रत्येक किलो ओढणाऱ्या चाकांवरून जातो, त्यामुळे इथे लांब व्हीलबेस आणि खालचा गुरुत्वमध्य नेहमी फायद्याचाच. व्हीलबेस बदलता येत नसेल तर मागे व्हीली बार (टोकाला छोटी चाकं असलेला दांडा) लावतात. त्याची चाकं जमिनीला टेकली की गाडीचा मागचा आधार आणखी मागे जातो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र बारवर जास्त भार आला, की तेवढा टायरवरून कमी होतो.

जुनाच प्रोपेलर शाफ्ट वापरणं

व्हीलबेस बदलला की गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या या शाफ्टची लांबी नव्याने मोजा, तीही गाडी जमिनीवर उभी असताना. यॉक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकला आणि 20 ते 25 मिमी बाहेर ओढून माप घ्या. एवढी जागा सोडली नाही, तर सस्पेन्शन दबताना यॉक गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर आपटतो.