जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स निवडताय? तीन पर्याय एकाच पेनड्राइव्हवर तपासा

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम अनेक रूपांत मिळते; त्यातलं कुठलं नीट चालेल हे बघायला दरवेळी पेनड्राइव्ह नव्याने बनवावा लागतो. तो व्याप असा वाचवा:

१. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम सुरू करू देणारं साधन) टाका.
२. मिंट एक्सएफसीई, लुबंटू आणि एमएक्स लिनक्स या तीन लिनक्सच्या आयएसओ फाइली (अख्खी सिस्टिम एका फाइलीत) त्यावर नुसत्या कॉपी करा.
३. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू (बूट) करून मेनूतून एकेक लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा.

वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे आधी बघा. दिसण्यावर भाळू नका. मग ब्राउझरमध्ये एकच व्हिडिओ तिन्हीकडे लावा आणि रॅम किती लागली ते टिपून घ्या. ४ जीबीच्या मशीनवर माझ्या मते हाच आकडा निर्णायक.

व्हेंटॉय टाकताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यातले फोटो आधी दुसरीकडे हलवा.