पहिलं रील टाकण्याआधी, पहिलं कोलॅब घेण्याआधी

वऱ्हाडीत, मालवणीत किंवा अहिराणीत बोलणारं चॅनेल जरा वाढायला लागलं की पहिला सल्ला येतो तो भाषा 'थोडी स्वच्छ' करा हा. तो ऐकू नका. 'कावून बापा' म्हणणाऱ्या पोराने 'नमस्कार मित्रांनो, आज मी तुमच्यासाठी घेऊन आलोय' सुरू केलं की तो इतर हजार जणांसारखाच वाटतो. बाहेरच्या प्रेक्षकाला समजावं असं वाटत असेल तर बोलणं तसंच ठेवून खाली प्रमाण मराठीत सबटायटल द्या. ती आपोआप तयार होऊ दिलीत तर बोलीतले शब्द हमखास चुकतात, म्हणून अपलोड करण्याआधी एकदा हाताने तपासा.

पहिली पाच-दहा रील्स होण्याआधी एक कागद करा. कोणत्या विषयांवर बोलणार, घरातल्या कोणाचा चेहरा दाखवणार नाही, कोणत्या वस्तूंची जाहिरात घेणार नाही. गोरं करणारी क्रीम, खात्रीशीर परताव्याच्या योजना, आठ दिवसांत वजन उतरवणारी पावडर, जे नको ते नावानिशी लिहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात तर २०२५ च्या कायद्याने गुन्हाच आहे : २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. हे आधी लिहायचं, कारण ऑफर येते तेव्हा 'आज संध्याकाळपर्यंत कळवा' असं म्हणतच येते आणि रक्कम समोर दिसत असताना कुणाचंच डोकं ताळ्यावर नसतं.

आता आकड्यांचं. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि त्यासोबत गेल्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत, हे अनेकांना उशिरा कळतं. मग १ कोटीच्या मागे लागून माणूस ट्रेंडचं गाणं, ट्रेंडचा डायलॉग, ट्रेंडचं भांडण असं सगळं करत सुटतो. शिवाय मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा तुम्हाला मिळतो; शॉर्ट्समध्ये तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेतला ४५ टक्के. ज्याला एखादा विषय खरंच समजावून सांगता येतो, त्याने आठ-दहा मिनिटांच्या व्हिडिओवरच जोर द्यावा. तो वाढतो सावकाश, पण त्याचा प्रेक्षक विषयासाठी येतो.

रिटेन्शनचा आलेख (कोणत्या सेकंदाला किती लोक अजून बघत होते) जरूर बघा, पण तो काय सांगतो तेवढंच घ्या. लोक २० व्या सेकंदाला गेले म्हणजे बहुधा प्रस्तावना लांबली; ती कापा. 'विषयच बदला' असं तो आलेख सांगत नाही. सगळ्यात मोठी गडबड होते ती एखादं रील अचानक फुटल्यावर. समजा शेतीवर बोलणाऱ्याचं सासू-सुनेचं एक गमतीचं रील चाललं. आलेले फॉलोअर्स गमतीसाठी आलेले असतात. पुढचं ठिबकचं रील त्यांनाच आधी दिसतं, ते सरकवून टाकतात आणि रीच, म्हणजे रील किती जणांपर्यंत पोचतं ते, पडतो. घाबरून दुसरं सासू-सुनेचं रील करायचं नाही. पुढची चार-पाच आपल्या नेहमीच्या विषयावरचीच टाका. काही फॉलोअर्स गळतील, गळू द्या.

कोलॅबमध्ये, म्हणजे ब्रँडसाठी पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओत, मात्र खरी कसोटी. ब्रँडकडून स्क्रिप्ट नको, मुद्दे मागा, आणि वाक्यं तुमची राहतील हे ईमेलवर लिहून घ्या (व्हॉट्सॲपवरचं 'हो हो, चालेल' पुढे कुणाला आठवत नाही). बदल जास्तीत जास्त दोनदा. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले पोस्ट झाल्यापासून किती दिवसांत, ते तारखेनिशी. 'वापराचे हक्क' हे कलम नीट वाचा : मुदत नसेल तर तुमचा चेहरा वर्षानुवर्षं त्यांच्या जाहिरातीत फिरत राहू शकतो. ३ किंवा ६ महिन्यांची मर्यादा घाला. 'आमच्या स्पर्धकांचं काम करायचं नाही' अशी अट असेल तर तिचे वेगळे पैसे लावा.

वस्तू फुकट आली तरी ती जाहिरातच धरतात. तसं स्पष्ट सांगा, व्हिडिओच्या भाषेतच आणि व्हिडिओमध्येच. हॅशटॅगच्या ढिगात लपवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर जाहिरात करण्यावर बंदी येऊ शकते. पुन्हा झालं तर ५० लाख आणि ३ वर्षं. वर्षभरात एका कंपनीकडून आलेल्या वस्तूंची किंमत २० हजारांच्या वर गेली तर १० टक्के करकपातही लागते. फोन किंवा मिक्सर व्हिडिओनंतर परत करणार असाल, तर परत दिल्याची पोच जपून ठेवा.

आणि वस्तू निदान दोन आठवडे वापरल्याशिवाय पोस्टची तारीख देऊ नका. ती आवडली नाही तर आगाऊ रक्कम परत करून नाही म्हणता येईल, एवढी मोकळीक ठरतानाच मागून घ्या. त्याला तयार नसलेला ब्रँड तिथेच कळतो.