न्यूरोफीडबॅक: कपाळाला पट्टा बांधण्याआधी या चुका टाळा

पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नीट. विदर्भातल्या तालुक्याच्या अभ्यासिकेत कोणत्याही टेबलावर यांपैकी एक पुस्तक असतंच. त्याच्या शेजारी आता क्वचित एखादा कपाळाला बांधायचा, मेंदूच्या लहरी मोजणारा न्यूरोफीडबॅकचा पट्टाही दिसतो. ‘फोकस वाढतो’ असं ऐकून कुणी ऑनलाइन मागवलेला, कुणी नागपूरच्या भाच्याकडून आणलेला. दोन-तीन आठवडे उत्साहात जातात, मग पट्टा कपाटात पडतो आणि “हे काही कामाचं नाही” असा निकाल लागतो. बहुतेक वेळा मेंदूचं प्रशिक्षण सुरूच झालेलं नसतं. तेलाचं, जबड्याचं आणि कूलरच्या मोटरचं झालेलं असतं.

“मेंदूले करंट देते का जी हे?” हा पहिला प्रश्न ठरलेला. नाही देत. मेंदूतल्या पेशींची विद्युत हालचाल यंत्र कवटीवरून फक्त मोजतं. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाची अशी पहिली नोंद घेतली. तोच आजचा ईईजी. न्यूरोफीडबॅकमध्ये त्या नोंदीतला ठरलेला भाग वाढला किंवा घटला की पडद्यावरची गाडी पळते, नाहीतर आवाज येतो, आणि त्यावरून मेंदूने शिकावं अशी अपेक्षा असते. डोक्याला खरोखर करंट देणारी यंत्रं वेगळी. त्यांची नक्कल म्हणून नऊ व्होल्टची बॅटरी आणि वायरी डोक्याला लावायला शिकवणारे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, कातडी भाजते आणि पुढचंही काही सांगता येत नाही.

तेल आणि घाम

कवटीवर मिळणारा संकेत जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्टचा असतो. घड्याळातला साधा सेल दीड व्होल्टचा, त्याच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपासची ही गोष्ट. आणि आपल्याकडे डोक्याला खोबरेल चोपडल्याशिवाय पोरगं घराबाहेर पडत नाही! तेलाच्या थरातून वीज नीट जात नाही. मग यंत्र आजूबाजूचा सगळा गोंगाट उचलतं आणि ॲप त्यालाच तुमचं लक्ष समजून गुण देतं.

आदल्या रात्री केस शाम्पूने किंवा शिकेकाईने धुवा आणि सेशन होईपर्यंत तेल लावू नका. कपाळावरचं अष्टगंध, कुंकू, पावडर ओल्या कापडाने पुसा, त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवा आणि जागा वाळू द्या. कानाच्या पाळीला चिमटा लागत असेल तर बाळी काढा. डोक्याच्या मधोमध पेस्ट लावून इलेक्ट्रोड, म्हणजे संकेत उचलणारी चकती, बसवायचा असेल तर अंदाजाने चिकटवू नका. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत शिंप्याच्या टेपने मोजून अर्ध्यावर खूण करा. तसंच एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्या कानापुढच्या खळग्यापर्यंत मोजा. दोन अर्धे जिथे भेटतात ती जागा, तिला तज्ज्ञ ‘सीझेड’ म्हणतात. तिथले केस भांग पाडून बाजूला करा आणि कातडी दिसू द्या. पेस्टच्या इलेक्ट्रोडसाठी कातडीशी विजेला होणारा अडथळा पाच किलो-ओहमच्या खाली असावा असा जुना दंडक आहे. सॉफ्टवेअर तो आकडा दाखवत असेल तर आधी तोच बघा.

एप्रिल-मेची गोष्ट निराळीच. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना दुपारी सेशन केलं तर घामाने पडद्यावरची संकेताची रेषा हळूहळू वर-खाली वाहत जाते. घाम किंवा जास्तीची पेस्ट पसरून दोन इलेक्ट्रोड जोडले गेले, तर दोघांची रेषा सारखीच दिसू लागते. उन्हाळ्यात पहाटेच बसा.

कूलर, इन्व्हर्टर, चार्जर

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची. तिची गुणगुण प्रत्येक वायरीतून येते आणि जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर भरपूर येते. सॉफ्टवेअरमधला ५० हर्ट्झचा फिल्टर चालू आहे का ते पाहा. परदेशी यंत्रात तो कधी कधी ६० वर असतो, कारण अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. कूलरची मोटर डोक्यापासून दूर हवी, नाहीतर तेवढा वेळ कूलर बंद ठेवा. लाईट गेल्यावर साधा, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर सुरू झाला की गोंगाट आणखी वाढतो. त्या वेळचं सेशन मोजणीत धरू नका. आणि चार्जिंगला लावलेला पट्टा डोक्यावर घालायचा नाही. ही सूचना सुरक्षेसाठी, संकेतासाठी नव्हे.

सगळं नीट बसलं का, हे कळायला तीन चाचण्या पुरतात. पापण्या जोरात मिटा, मोठे उंचवटे दिसले पाहिजेत. दात आवळा, रेषा दाट आणि खरबरीत झाली पाहिजे. मग अर्धा मिनिट शांतपणे डोळे मिटून बसा. ८ ते १२ हर्ट्झची अल्फा लहर वाढायला हवी, विशेषतः डोक्याच्या मागच्या बाजूला. कपाळावरच्या कोरड्या सेन्सरवर ही वाढ फिकी दिसते आणि काही माणसांत अल्फा मुळातच कमी असते, म्हणून एवढ्यावरून घाबरू नका. चौथी चाचणी माझी आवडती: पट्टा डोक्यावरून काढून टेबलावर ठेवा. तरीही ॲप ‘फोकस ६०’ दाखवत असेल तर पट्टा परत पाठवा. काट्याचा पासंग काढल्याशिवाय कापूस मोजू देत नाही आपण, मग इथे का द्यायचा?

जबडा आवळून मिळवलेलं लक्ष

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती यशासारखी दिसते.

लक्षाच्या अनेक सरावांत ४ ते ८ हर्ट्झची थीटा लहर कमी आणि १३ च्या वरची बीटा लहर जास्त व्हावी असं बक्षीस ठरवलेलं असतं. आता गंमत बघा. जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंची वीज साधारण २० हर्ट्झपासून वर पसरलेली असते, म्हणजे नेमकी बीटाच्या अंगणात. पापणीची हालचाल थीटाच्या आणि तिच्याही खालच्या पट्ट्यात शिरते. मुलगा ‘लक्ष द्यायचं’ म्हणून दात आवळतो, भुवया ताणतो, डोळे वटारतो आणि पडद्यावरची गाडी सुसाट सुटते. महिनाभरात तो तरबेज होतो, पण जबडा आवळण्यात. त्याच्या जोडीला डोकेदुखी आणि मानदुखी.

खर्रा चघळत सेशन करणाऱ्याला तर ॲप प्रज्ञावंतच ठरवेल. तोंड रिकामं हवं, जीभ सैल, वरचे-खालचे दात एकमेकांना न टेकलेले. खांदे खाली. स्नायूंचा गोंगाट ओळखून बक्षीस थांबवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती चालू करा. नसेल तर शेजारी कुणाला तरी जबडा बघायला बसवा. अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी १९६० च्या दशकात मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची लहर वाढवायला शिकवलं, तेव्हा ती मांजरं अंग अजिबात न हलवता पण सावध बसलेली असत. हवी ती अवस्था अशी आहे. जोर लावला की ती निसटते. तीन-चार मिनिटांच्या फेऱ्या घ्या, मध्ये उठा, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका.

जागल करून आलेला मेंदू

कृषी पंपाची लाईन रात्री असते तेव्हा ओलितासाठी वावरात कोण जातं? घरातलं तरणं पोरगं. हरभऱ्यात रानडुकरं घुसू नयेत म्हणून जागलही तोच करतो. सकाळी सात वाजता अभ्यासिकेत येऊन पट्टा बांधला की थीटा वाढलेली दिसते आणि ॲप म्हणतं, तुमचं लक्ष विस्कळीत आहे. झोप येतेय हो त्याला! पेंग आली की थीटा वाढतेच. अशा दिवशी सेशन रद्द करून दोन तास झोपणं हा जास्त परिणामकारक उपाय, आणि फुकटचा. चहा प्यायचा असेल तर रोज सारखाच प्या, म्हणजे एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करता येईल.

ॲपच्या गुणांवर भिस्त

बरीच सॉफ्टवेअर बक्षिसाची पातळी आपोआप सरकवतात, म्हणजे तुम्ही चांगले असा की वाईट, ठरावीक प्रमाणात ‘शाबास’ मिळत राहते. त्या आकड्याने मेंदू सुधारला असं ठरत नाही. मोजायचं पडद्याबाहेर. सुरू करण्याआधी दोन आठवडे सराव प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा आणि लिहून ठेवा: किती प्रश्न सोडवले, किती चुकले, किती वेळा मोबाईलकडे हात गेला. मग दर आठवड्याला तशाच काठिण्याची, पण वेगळी पत्रिका. तीच पत्रिका पुन्हा सोडवली तर गुण सवयीनेच वाढतात.

हे मी इतकं ताणून का सांगतोय? २०२१ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अवधानाची अडचण, म्हणजे एडीएचडी असलेली ७ ते १० वर्षांची १४४ मुलं. काहींना खरं थीटा-बीटा प्रशिक्षण, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं खोटं, आणि कुणाला कोणतं मिळतंय हे पालकांनाही माहीत नाही. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, पण खऱ्या प्रशिक्षणाचा गट पुढे गेला नाही. याचा अर्थ रोज ठरल्या वेळी शांत बसणं, कुणीतरी लक्ष देणं आणि आशा वाटणं यांनीही माणूस सुधारू शकतो. एमपीएससीच्या धडधाकट उमेदवाराला फायदा होतो याचा तर पक्का पुरावा समोर ठेवता येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हौस आणि सराव म्हणून करा, सोयाबीनचे पैसे यात घालू नका. चाळीस सेशनचं पॅकेज आगाऊ घेणाऱ्याला तर नाहीच. डोळ्यांना पट्टी बांधून पोरांना रंग ओळखायला लावणारे ‘मिडब्रेन’वाले आपल्या गावांतही येऊन गेलेत. ती मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघत होती.

पट्ट्याऐवजी डॉक्टर कधी

फिट किंवा मिरगी येत असेल, किंवा लहानपणी येऊन गेली असेल, तर घरी प्रयोग करू नका आणि चालू गोळ्या तर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. चकाकणारे खेळही अशा काहींना सोसत नाहीत. मुलाचं लक्ष लागत नाही म्हणून यंत्र शोधण्याआधी चष्म्याचा नंबर, कान आणि हिमोग्लोबिन तपासा. पूर्व विदर्भात सिकलसेलचीही तपासणी करून घ्या. पोर थकलेलं असतं आणि घरात त्याला आळशी म्हणत असतात, हे फार होतं. मन उदास असेल, झोप उडाली असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. सेशननंतर चिडचिड, डोकं जड होणं, रात्री झोप न येणं सुरू झालं तर आठवडाभर थांबा. पुन्हा सुरू केल्यावर तेच झालं तर सोडून द्या.

केंद्रात जाणार असाल तर चालवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: इलेक्ट्रोड डोक्यावर कुठे लावणार, कोणती लहर वाढवणार किंवा घटवणार, आणि फरक पडला हे कशावरून ठरवणार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी दाखवायला सांगा. जुना पट्टा विकत घेताना त्याचं ॲप तुमच्या मोबाईलवर चालतं का, मासिक वर्गणी किती, आणि गावात रेंज गेल्यावर ते उघडतं का, हे पैसे देण्याआधी समोर करून पाहा.