आधी प्रश्न, मग पीएचडी

एमएस्सी नर्सिंगला ५५ टक्के असले की अर्ज करता येतो. पण आधी प्रश्न हवा. मला तो गोव्यातल्या डिचोलीत, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलताना सापडला: घरी कोणालाच न दिसणारे शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा. भारतीय परिचर्या परिषदेचं पीएचडी कन्सोर्शियम (संयुक्त कार्यक्रम) बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठासोबत चालतं, ते पाहा. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, उरकतं हो. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र हातात येईपर्यंत रुग्णांकडून एकही फॉर्म भरून घेऊ नका. संमतीपत्र मराठी-कोंकणीत करा, वाचून दाखवा. माझ्या संमतीपत्रातला ‘स्वाक्षरी’ शब्द ऐकून एक आजी दचकली, “बाये, हे जमिनीचे कागद न्हय मगो?” ‘सही’ लिहून कमिटीकडे पुन्हा पाठवलं. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) पीएचडीला किमान ३ वर्षं म्हणतं. रात्रपाळ्या असतील तर ५ धरा.