एकच तक्ता, दोन शरीरं: जोडीने वजनं उचलताना काय बदलायचं

नवरा-बायकोने जिममध्ये एकत्र नाव घातलं की बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी दोन वेगळे कागद हातात पडतात. त्याच्या कागदावर बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून वजन वर ढकलणं) आणि स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), तिच्या कागदावर ट्रेडमिल आणि दोन किलोचे डंबेल. तिचा कागद परत द्या. दोघांनी एकाच तक्त्याने व्यायाम करा आणि फरक करायचा तो वजन वाढवण्यात, विश्रांतीत आणि ताटात करा.

त्यामागचं कारण असं. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन दहापटीहून जास्त असतं आणि वयात येतानाच त्याने स्नायू मोठे केलेले असतात. पण त्यानंतर वजनांचा व्यायाम सुरू केला की स्नायू टक्केवारीने जवळपास सारखेच वाढतात. समजा तिच्या दंडाच्या स्नायूचा छेद, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, २० चौरस सेंटिमीटर आहे आणि त्याचा ३२. दोघांचाही १० टक्क्यांनी वाढला, तर तिला २ मिळाले आणि त्याला ३.२. आरशात त्याचंच दिसतं, पण मेहनतीचं फळ दोघांना सारखंच मिळालेलं असतं. नवशिक्या बाईच्या खांदे-हातांची ताकद तर टक्केवारीत पुरुषापेक्षाही जास्त वाढते. ‘अंग पुरुषी होईल’ या भीतीने हलकी वजनं घेत राहण्यात बाईचं सरळ नुकसान आहे.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे दिवस ठेवा. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणं) आणि शोल्डर प्रेस (खांद्यापासून वजन डोक्यावर ढकलणं), प्रत्येकाचे ३ सेट म्हणजे फेऱ्या, सेटमध्ये ८ ते १२ रेप म्हणजे सलग तितक्या वेळा तीच हालचाल. सेट थांबवताना अजून दोन रेप निघाले असते असं वाटलं, तर वजन बरोबर आहे. भिंतीवरच्या ‘कमाल वजनाच्या ७० टक्के, इतके रेप’ अशा तक्त्यावर वजन ठरवू नका (कमाल वजन म्हणजे जेमतेम एकदाच उचलता येतं ते). त्याच टक्क्याला बायकांचे, विशेषतः पायांच्या व्यायामात, अनेकदा जास्त रेप निघतात. तक्त्याप्रमाणे थांबलं तर तिचा सेट अर्ध्यावरच सुटतो.

बायकांची प्रगती बहुतेक वेळा अडते ती डंबेलच्या रॅकपाशी. पुष्कळ जिममध्ये डंबेल अडीच-अडीच किलोंनी वाढतात. त्याला शोल्डर प्रेसमध्ये २० वरून २२.५ वर जायचं असतं, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. तिला ५ वरून ७.५ वर, म्हणजे थेट ५० टक्के! ७.५ चे चारच रेप निघतात, ती पुन्हा ५ वर येते आणि महिनोन् महिने तिथेच राहते. दोष तिच्या खांद्यांचा नाही, पायरीच उंच आहे. अशा वेळी ५ किलोवर १२ ला न थांबता १५ रेपपर्यंत जा. तिन्ही सेटला १५ निघाले की फक्त पहिला सेट ७.५ ने करा, ६ रेप आले तरी चालतील, उरलेले दोन ५ नेच. पुढच्या आठवड्यात दोन सेट, मग तिन्ही. मनगटाला बांधायची अर्ध्या किलोची पट्टी मिळाली तर उत्तम, मग ५.५ आणि ६ अशा पायऱ्या हाती येतात.

रॉडचंही तेच. नेहमीचा मोठा रॉड २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा आणि थोडा बारीक, २५ मिलिमीटरचा, त्यामुळे लहान मुठीत नीट बसतो. जिममध्ये असेल तर आवर्जून मागून घ्या. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावली तर ३० किलोवर आठ टक्क्यांची वाढ होते, ७० किलोवर साडेतीन टक्क्यांची.

विश्रांतीत बाईची बाजू वरचढ असते. मध्यम वजनाला तिचे स्नायू सरासरीने उशिरा थकतात आणि लवकर सावरतात. तिला दीड मिनिट पुरतं, त्याला दोन ते अडीच लागतात. पाच रेपच्या आतल्या जड सेटनंतर मात्र दोघांनीही तीन मिनिटं थांबा. ही सरासरी आहे, तुमच्या घरात उलटं निघालं तर व्यायामाच्या नोंदवहीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

पाळीच्या तारखांनुसार तक्ता बदलायचं फॅड आलं आहे, त्याला भक्कम आधार नाही. पोट दुखत असेल त्या दिवशी एक सेट कमी करा, बरं वाटत असेल तर जड उचला. पाळी तीन महिने आलीच नाही तर मात्र डॉक्टरांकडे जा. गर्भ राहिलेला नसेल, तर खाणं व्यायामाला पुरत नसण्याची शक्यता असते.

प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम, दोघांनाही. ५५ किलोच्या बाईला ८८ ग्रॅम, ७५ किलोच्या पुरुषाला १२०. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून सुमारे २६ ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून १२. चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची, म्हणून त्या दिवशी दही किंवा पनीर जोडा. हरतालिकेच्या निर्जळी उपासाला व्यायाम नकोच.

लोहाची गरज मात्र सारखी नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला १९. पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागू लागली, सेट उगाच जड वाटू लागले, तर तक्ता बदलण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. बाईचं १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर आधी उपचार. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, चहाने लोह अंगी कमी लागतं.

बारा आठवड्यांनी वही उघडा आणि वाढ किलोंत मोजू नका, टक्क्यांत मोजा. तिची बेंच प्रेस २० वरून २६ वर गेली तर ३० टक्के, त्याची ५० वरून ६२ वर गेली तर २४ टक्के.